रबरी हात

"टोच. माझ्या तोंडाकडे नको, सुईकडे बघ," बाई म्हणाल्या.

मुलीने डाव्या हाताने बाईंचा दंड धरला, वळ उठेल इतका घट्ट. सुई आत गेली, सलाइनचं पाणी गेलं, सुई बाहेर आली. मुलीने कापूस टेकवला आणि सुटले एकदाची, अशा चेहऱ्याने हात काढून घ्यायला लागली.

"दाबून धर. एक मिनिट."

बाईंचं एक मिनिट घड्याळाची दोन मिनिटं खातं, असं नर्सिंग कॉलेजातल्या मुली म्हणायच्या. पाठीमागे त्या त्यांना सुईबाई म्हणत. सव्वीस वर्षं प्रत्येक मुलीचं पहिलं इंजेक्शन बाईंनी स्वतःच्या दंडावर घेतलं होतं. रोज दोघी, एक डावीकडे, एक उजवीकडे. मुलींचे चेहरे त्या विसरत, पकड विसरत नसत. कुणाची बोटं गार, कुणाची घामेजलेली, कुणाची नखं वाढलेली.

त्यांचं शिकवण्याचं शास्त्र छोटं होतं आणि कोणी विचारो न विचारो, त्या ते ऐकवत. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे अर्धंच खरं. जिच्या हातून जळतं तिलाही कळायला हवं. समोरचं माणूस दचकलं की ते बोटांना समजतं, आणि बोटांना समजलेलं जन्मात विसरत नाही. बाकी सगळं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

यंदा खोक्यातून रबरी हात आला. खांद्यापासून बोटांपर्यंत गोरापान, नखंसुद्धा कोरलेली. मुलींनी लगेच त्याचं 'धाकट्या बाई' असं बारसं केलं, कारण त्या ओरडत नव्हत्या. सोबत वरच्या कार्यालयाचं पत्र होतं, की यापुढे जिवंत माणसावर सराव बंद. बाई प्राचार्यांशी भांडल्या, तेही सगळ्यांदेखत. प्राचार्या वयाने बऱ्याच लहान, बाईंच्याच जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी तोड काढली. वर्गात बत्तीस मुली. सोळा बाईंच्या दंडावर शिकतील, सोळा रबरावर. मग वॉर्डात परीक्षा, परीक्षक बाहेरचे. तुमच्या मुली सरस ठरल्या तर मी तुमच्या बाजूने वर लिहीन. नाही ठरल्या तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

बाईंनी मान डोलावली. त्यांना शंकाच नव्हती. आजची मुलगी त्यांची सोळावी होती आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी.

वॉर्डात सगळ्यात आधी पुढे आली ती रबरावाल्यांपैकी एक. तिच्या वाट्याला आलेले आजोबा वॉर्डातले सगळ्यात तिरसट. त्यांनी डोळे मिटले, दात आवळले आणि थोड्या वेळाने वैतागून विचारलं, "काय गं, टोचणार आहेस की नाही?"

"झालं, आजोबा. दुखलं का?"

सगळा वॉर्ड हसला. सवयीने बाईही हसल्या, मग थांबल्या. दुखलं का असं विचारायला त्या मुलीला कोणीच शिकवलं नव्हतं.

दुपारपर्यंत निकाल लागला. बत्तीसच्या बत्तीस पास. रबरावाल्या थोड्या पुढेच होत्या. साहजिक होतं, त्यांनी प्रत्येकीने पन्नास-पन्नास वेळा सराव केला होता. बाईंच्या मुलींनी एकदा. माणसाचा दंड किती सोसणार?

बाई सरावाच्या खोलीत गेल्या. रबरी हात टेबलावर तळवा वर करून पडला होता. त्यांनी त्याचा दंड धरून पाहिला. मऊ होता, जिथे दाबला जायला हवा तिथेच दाबला जात होता. चांगली वस्तू आहे, हे त्यांनी मनातल्या मनात मान्य केलं आणि त्यांना फार एकटं वाटलं.

प्राचार्यांच्या खोलीत त्या न बोलावता गेल्या.

"तुम्ही हरलात असं मी नाही म्हणणार," प्राचार्या म्हणाल्या. "उलट सुटलात. आता तरी त्या दंडांना आराम द्या, बाई."

"मुली छान शिकल्या," बाई म्हणाल्या. ते त्यांना मनापासून वाटत होतं. "पण प्रत्येकीने एकदा, एकदाच माझ्या दंडावर दिलं तर? रबरावर सगळं शिकून झाल्यावर."

"शिकून झाल्यावर कशाला?"

बाई उत्तर शोधू लागल्या. भीती जावी म्हणून म्हणावं, तर परीक्षेत एकही मुलगी घाबरली नव्हती. दुसऱ्याचं दुखणं कळावं म्हणून म्हणावं, तर आजोबांच्या खाटेपाशी ते सगळ्यांनी पाहिलं होतं. सव्वीस वर्षं ज्या मुद्द्यांच्या जोरावर त्या भांडत आल्या, त्यातला एकही आता धड राहिला नव्हता.

जिन्यावरून मुली गलका करत खाली उतरत होत्या. एकमेकींच्या गळ्यात हात, एकीचं ओझं दुसरीच्या खांद्यावर. बाईंचं घर कॉलेजपासून दहा मिनिटांवर होतं. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. भाऊ परगावी होता, आठवड्याला न चुकता फोन करायचा आणि जेवलीस का, असं विचारायचा. घरी जायची बाईंना कधीच घाई नसे.

"बाई, माझ्यापाशी तरी खरं सांगा," प्राचार्या हळू आवाजात म्हणाल्या. "एवढा हट्ट कशासाठी?"

इतकी वर्षं बाई त्यांना मॅडम म्हणत आल्या होत्या. आत्ता नाही म्हणाल्या.

"अगं, एरवी मला कुणी हातच लावत नाही."