चार पायली जोंधळा

"घराचा उंबरा काडत्यात व्हय रं कुनी? अवदसा शिरंल अशानं आत," हरणाबाई सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाली.

नाथाजीनं थोरल्या बहिणीकडं बघितलंसुद्धा नाही. उंबऱ्याच्या जागी माती चोपून त्यानं वरून शेणानं सारवलं होतं. ते वाळलं का, हे तो तळव्यानं चाचपत होता.

सोप्यात अंथरुणावर पडलेली त्याची बायको शालूबाई हसली. "वन्सं, अवदसा तर कवाच आत येऊन निजलीया. आता तिलाच भाईर काडायची हाय."

शालूबाईच्या पाठीच्या कण्याला क्षय लागला होता. सव्वा वर्ष ती उताणी पडून होती. खाट उचलली तरी धक्का बसायचा, आणि धक्का बसला की तिची किंकाळी चार घरं ऐकायची. तिचं मागणं एवढंच, की आढं बघून डोळे विटले, एकदा आभाळ बघू द्या.

नाथाजीची हयात पलटणीच्या वर्कशॉपात इंजिनं खोलण्यात गेलेली. तिथं कधी तरी त्यानं हॉवरक्राफ्टचं चित्र बघितलं होतं. हवेवर तरंगणारी गाडी! जिला चाकंच नाहीत, तिला धक्के कुठले? त्यानं जुन्या दाराची फळी घेतली. खताच्या रिकाम्या पिशव्यांचं प्लॅस्टिक खालून खिळ्यांनी ठोकलं, त्याला बारीक भोकं पाडली. पिकावर औषध धुरळायचं पेट्रोलचं यंत्र गावातल्या बागायतदार लालासाहेबाकडून मागून आणलं आणि त्याची नळी फळीत घुसवली. वारा भरला की प्लॅस्टिक फुगायचं आणि फळी दोन बोटं वर उठायची. काठोकाठ भरलेला तांब्या वर ठेवून त्यानं ती एका बोटानं अंगणभर फिरवली, पण पाण्याचा थेंब सांडला नाही. 'नाथाजीचं इमान उडनार' म्हणून हसणारा गाव त्या दिवशी अंगणात बघायला जमला.

पण तांब्या उचलणं वेगळं आणि माणूस उचलणं वेगळं. साताऱ्याच्या दवाखान्याच्या जुन्या कागदावर शालूबाईचं वजन बेचाळीस किलो होतं. काल त्यानं तेवढा जोंधळा पोत्यात भरून फळीवर ठेवला. इंजिन बोंबललं, फळी ढिम्म. तो एकेक पायली, म्हणजे साडेतीन-चार किलो, काढत गेला. चौथी पायली काढली तेव्हा कुठं फळी उठली. त्यानं इंजिन बंद केलं आणि डोक्याला हात लावून बसला. काढलेला जोंधळा भिंतीकडेच्या पाटीत तसाच राहिला.

"न्हाई उचलत गं," त्यानं तिला सांगितलं होतं.

"मला घालून तर बघा. मी काय जोंधळ्याचं पोतं हाय?"

तिचं मन मोडवेना, म्हणून तर आज सारवण केलं होतं.

हरणाबाईनं आणि शेजारच्या तिघींनी वाकळ धरून शालूबाईला इंचाइंचानं फळीवर सरकवलं. नाथाजीनं यंत्र पाठीवर चढवलं, दोरी ओढली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. तिचा पडलेला चेहरा त्याला बघायचा नव्हता.

"आगं बया!" हरणाबाई ओरडली.

त्यानं वळून बघितलं. फळी उठली होती. दोन बोटं नव्हे, चांगली चार बोटं.

त्याला आनंदानं ओरडावंसं वाटलं. बोट लावलं तशी फळी सरकली. उंबऱ्याच्या जागेवरून ती अलगद अंगणात आली. धूळ उडाली, बायकांनी पदर नाकाला लावले. शालूबाईनं डोळे मोठे केले. वर निळंशार, मोकळं आभाळ होतं. ती लहान पोरीसारखी खुदखुदली आणि तिनं वाकळीतून हात वर काढला. मनगटातल्या हिरव्या बांगड्या घसरत थेट कोपरापर्यंत गेल्या.

नाथाजी त्या बांगड्यांकडं बघत राहिला. कालपासून त्यानं यंत्रात काहीच बदललं नव्हतं. फळी तीच होती, नळीही तीच होती. त्याची नजर भिंतीकडेच्या पाटीवर गेली. चार कोंबड्या कडेवर चढून जोंधळा टिपत होत्या.

"आवं," इंजिनाच्या आवाजाच्या वरताण शालूबाई ओरडली, "काल तर म्हनत हुता उचलत न्हाई. मग आज कसं वं उचललं?"

नाथाजीनं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. डोळ्यांत धूळ गेल्यासारखं केलं.

"काल नळीत कचरा अडकला हुता गं," तो म्हणाला. "आज लय जोर हाय बघ इंजिनात."