पांढऱ्या डागाचा निकाल

“तू बाहेरच थांब,” वडील म्हणाले. “मागच्या खेपेला मी एकटाच आत गेलो होतो. आलो ना परत?”

“परत आलात आणि दोन दिवस धड जेवला नाहीत,” मुलगी म्हणाली. “आज मी येणारच.”

तपासणी आटोपली होती. निकालासाठी दोघे बाकावर बसले होते. मुलीने फाइल घ्यायला हात पुढे केला, तेव्हा वडिलांनी ती मांडीवर आणखी ओढून घेतली. “राहू दे. एवढं वजन अजून पेलतं मला.”

दीड वर्षापूर्वी त्यांच्या मेंदूतील गाठ किरणोपचारांनी आटोक्यात आली होती. तीन महिन्यांपूर्वी नेमक्या त्याच जागी पांढरा डाग दिसला. “बहुतेक पुन्हा पसरतोय म्हणाल्या डॉक्टरीणबाई,” एवढेच वडिलांनी घरी येऊन सांगितले होते. त्याआधी दोनच दिवस मुलीला दूरच्या शहरातून बोलावणे आले होते: नदीवरील मोठ्या पुलाच्या आराखड्याचे प्रमुखपद. या पदाच्या आशेने तिने चौदा वर्षे दुसऱ्यांची रेखाचित्रे तपासली होती. तिने उत्तरासाठी मुदत मागून घेतली. ती मुदत आज दुपारी बारा वाजता संपत होती.

“तू खुशाल जा,” वडील म्हणाले. “मी भिंतीशी बोलत बसेन. भिंत निदान उलट उत्तरं देत नाही.”

“पण चहा करून देते का?”

ते हसले. मग त्यांनी तिचा हात हातात घेतला. “तू होतीस म्हणून हे तीन महिने निघाले, बाळा.”

बाराला दहा मिनिटे कमी असताना तिने मोबाइलवर चार ओळी लिहून पद नाकारले आणि तसे त्यांना सांगितले.

“वेडी आहेस,” वडील म्हणाले. हात मात्र त्यांनी सोडला नाही.

सव्वाबाराला आत बोलावणे आले. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोन चित्रे शेजारी शेजारी लावली.

“साध्या चित्रात परत वाढलेली गाठ आणि किरणांनी भाजलेली जागा सारखीच पांढरी दिसते. म्हणून रक्तप्रवाह बघावा लागतो. गाठ जिवंत असते, ती रक्त ओढते. आता इथं बघा. ही जागा रक्त ओढतच नाही.”

“म्हणजे?” मुलीने विचारले.

“म्हणजे रोग नाही. उपचारांनीच झालेली इजा आहे. गोळ्यांनी सूजही उतरते आहे.”

“म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं!” मुलगी हसता हसता रडू लागली. पूल हातचा गेला होता. त्या क्षणी तिला त्याचे काहीच वाटले नाही. “बाबा, ऐकलंत? पसरलेला नाही!”

वडील मान खाली घालून बसून राहिले.

“आनंद झेपत नाहीये त्यांना,” मुलगी डोळे पुसत डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

“त्यांचं असंच आहे,” डॉक्टरीणबाई हसल्या. “तीन महिन्यांपूर्वी याच खुर्चीत बसवून, अशीच दोन चित्रं दाखवून, रोग नाही म्हणून सांगितलं, तेव्हाही ते असेच गप्प बसले होते.”