खंडेनवमीला घासलेला साचा

"साचा घासायला कुणी सांगितलं होतं?" सर ओरडले. प्रयोगशाळेतल्या, साच्यात भुकटी दाबून चकत्या काढायच्या प्रेसवरची झेंडूची माळ केव्हाच वाळून गेली होती.

"साहेब, खंडेनवमी होती. गंजकं हत्यार पूजेला कसं ठेवायचं?" शिपाई घोलपमामा म्हणाले. "पॉलिश पेपर मारला, रॉकेलनं पुसला."

बिस्मथ फेराइट या पदार्थाच्या चकतीत चिमूटभर समॅरियम धातू मिसळला, की ती विजेबरोबर चुंबकालाही जोरात दाद देते, असं सर तीन देशांत सांगून आले होते. प्रत्येक ठिकाणी टाळ्या पडल्या होत्या. बिनसमॅरियमच्या चकतीचं चुंबकत्व मोजायची गरज मात्र एवढ्या मोठ्या माणसाला कधी वाटली नाही.

त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या प्रणोतीनं पाच वर्षं त्याच चकत्या दाबल्या, भाजल्या, मोजल्या. दसऱ्यानंतरच्या चकत्यांत चुंबकत्व जवळजवळ उरलंच नाही. समॅरियमनं विजेची गळती निम्म्यावर आणली, ते खरं. पण चुंबकत्व समॅरियमचं नव्हतंच, साच्यातून झडणाऱ्या गंजक्या लोखंडाचं होतं.

"प्रबंधात जुनेच आकडे घाल," सर म्हणाले. "नाहीतर माझी सही विसर."

"मग विसरते, सर."

तिनं दोन्ही आकडे घातले, कारणही लिहिलं. सरांनी सही केली नाही. पाच वर्षांचं काम कपाटात गेलं.

विभागानं मात्र प्रकरणाची गंभीर दखल घेतली. घोलपमामांना लेखी ताकीद मिळाली: यापुढे खंडेनवमीला साच्यावर फक्त फूल वाहावे, घासू नये.