लाल गाडीचा धुरकरी

"घे, खालचा उतार तुहा!" गुणवंतरावांनी चावी हवेत उडवली अन् मयुरीने ती दोन्ही हातांनी झेलली.

काय तो आनंद! जिवतीच्या घाटात, निम्म्या उतारावर, चहाच्या टपरीसमोर सगळं गणगोत जमलेलं. नात्यातलं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आटोपून मंडळी मूल गावाला परत निघाली होती. लाल, बसक्या, दोन दारांच्या त्या स्पोर्ट्स कारभोवती पोरं मोबाइल घेऊन घिरट्या घालत होती. अन् बापाने चारचौघांत जाहीरच करून टाकलं होतं, "जो गाडी खाली गडचांदूरले नेऊन लावन, गाडी त्याची!" आत्येभाऊ रोशन हात चोळत उभा होता, पण पहिला मान लेकीचा. कितीदा रुसली, कितीदा जेवण टाकलं, तेव्हा कुठे हा दिवस उगवला होता. मयुरीला तर नाचावंसं वाटत होतं.

गुणवंतराव म्हणजे शंकरपटातलं, बैलांच्या शर्यतीतलं, मोठं नाव. पटात बैलजोडी हाकणारा तो धुरकरी, अन् तशी जोडी हाकावी तर त्यांनीच. त्यांचे पटाचे बैल वर्षभर ना वखराला जुंपायचे ना बैलबंडीला. खुराक, मालिश अन् आराम. हीच रीत त्यांनी या गाडीलाही लावली. गोठ्याशेजारी झाकून ठेवायची, दसऱ्याला पूजा करायची, एखाद्या लग्नाकार्याला मिरवायची, बस्स. मयुरी कानीकपाळी ओरडायची, "बाबा, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलाले सांगतेत. गाडीच्या पुस्तकातच लिवलं हाये." यावर उत्तर ठरलेलं, "गाडी चाललीच किती? बसल्या बैलाचे खूर झिजतेत काय वं?" झालं! ऐकणारे खो खो हसायचे अन् घेतल्या दिवसापासूनचं ऑइल तसंच राहायचं.

मयुरी गाडीत बसली. इंजिन गुरगुरलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. निघण्याआधी तिने ब्रेक दाबून पाहिला, अन् पाय धानाच्या बांधीतल्या चिखलात जावा तसा सरळ खाली गेला. पुन्हा दाबला. तेच. वरच्या सगळ्या घाटात बापाने ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी उतरवली होती. इंजिन बंद करून ती खाली उतरली.

"मी नाई नेत. ब्रेक बसला हाये. अन् कोनीच नेऊ नका."

"भेली रे भेली!" कोणीतरी ओरडलं अन् हशा पिकला. गुणवंतरावांनी चहा कसाबसा संपवला, तणतणत आले, स्वतः गाडीत बसले अन् ब्रेक दाबला. आता काय सांगावं! ब्रेक एकदम टणक.

"कुठी बसला? घट्ट तं हाये! लोकाईसमोर नाक कापलं माहं!"

मयुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली, रागही आला. एकदा फक्त 'बरं' म्हणायचं होतं, की गाडी तिची. पण ती म्हणाली, "थंडावलं म्हनून घट्ट झालं, बाबा. गाडी उभी असली तरी ते ऑइल हवेतलं पानी धरते. तापलं का त्या पान्याची वाफ होते, मंग ब्रेक बसते. खालच्या वळनावर पुन्हा बसन."

"द्या मामा, मी नेतो!" रोशन वाट कसली पाहतो! मामा उतरले तसा तो स्टेअरिंगवर बसलाही. इंजिन गुरगुरलं. मयुरी धावत जाऊन गाडीपुढे उभी राहिली. दोन्ही हात बॉनेटवर.

"बाबा, लंगडा बैल पटात सोडता काय तुमी?"

"बैल पाय उचलून दाखवते तरी!"

"यानंबी दाखवला. तुमी चहा पेऊन राह्यले होते तवा."

गुणवंतरावांनी गाडीकडे पाहिलं. त्यांना सिंदेवाहीकडचा एक पट आठवला. दोन्ही बाजूंनी माणसांची भिंत, जोडी जुंपलेली, झेंडी वर गेलेली, अन् उजव्या बैलाने पाय जरासा अलगद टेकला. बस, एवढंच. त्यांनी तिथल्या तिथे जोडी सोडून घेतली होती. तेव्हाही लोक असेच हसले होते.

त्यांनी खिडकीतून हात घालून चावी काढली.

"उतर, रोशन."

"पन मामा, तिनं तं गाडी नेलीच नाई!"

"पळवनारे ढिगानं भेटतेत, बाबू," गुणवंतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले अन् चावी लेकीच्या हातात दिली. "भरल्या पटात जोडी सोडून घेते, त्यालेच मी धुरकरी म्हनतो. गाडी मयुरीची."