शेजारची चिकटपट्टी

परदेशातल्या वसतिगृहात ती आली त्या दिवशीच शेजारच्या खोलीतल्या मुलीने तिच्या दारावरचं नाव वाचून हरखून विचारलं होतं, "अय्या, मराठी का तू?"

तिने इंग्रजीत थाप ठोकून दिली. आडनाव तेवढं मराठी, बोलता काही येत नाही. इतक्या लांब येऊन पुन्हा आपल्याच माणसांत बसायचं, तर घर काय वाईट होतं? तेव्हापासून शेजारीण तिच्याशी अडखळत इंग्रजी बोलायची, आणि ती रोज सकाळी आईला फोनवर हसत सांगायची, "चिकटपट्टी काल पुन्हा आली होती."

मग ती तापाने आडवी पडली. इथल्या नव्या मैत्रिणींनी फोनवर फुलांची चित्रं पाठवली. शेजारणीने तीन दिवस मऊ भात आणून दिला.

चौथ्या दिवशी भांडं परत द्यायला ती उठली, तोच भिंतीपलीकडून शेजारणीचं फोनवरचं बोलणं कानावर आलं.

"अगं आई, फाडफाड मराठी येतं तिला. रोज ऐकू येतं मला इकडे. चिकटपट्टी म्हणते मला."

ती भांडं घेऊन भिंतीजवळ सरकली.

"भात कशाला म्हणजे? ताप आलाय ना तिला."