हसले म्हंजे मंजूर

हे लिहिणारच नव्हतो. रामहरी रोज भेटतो, चहा पाजतो, आणि त्याचं असं चारचौघांत मांडायचं म्हंजे बरं वाटत न्हाई. पण परवा टपरीवर एकानं ती सभा लई मजेदार झाली म्हणून सांगितलं आणि डोकं फिरलं. तर ऐका.

मुंजाजी बोलायला उभा राहिला, तशी अर्जुनराव चेअरमनच्या पोरांनी लोखंडी खुर्च्या घडी करायला सुरुवात केली. सभा अर्धी बी झाली नव्हती. माणसं बसलेली असताना खुर्च्या कशाला घडी करतात, ते रामहरीला स्टेजवरून बरोबर कळलं.

दूध सोसायटीची वार्षिक सभा व्हती. भाद्रपद सरत आलेला आणि मंडपाच्या खांबाला खड्डा खांदला तर खालून नुसता फुफाटा निघालेला. रामहरीच्या एका हातात माइक, दुसऱ्या हातात विनोदी वचनांचं पुस्तक. दिंद्रुडच्या बाजारात घेतलेलं, पार पानं सुटलेलं. लग्न असो, सत्कार असो, त्यातलं एक वाक्य सोडलं की माणसं सैल व्हायची. एकदा वरातीत दोन्हीकडून काठ्या निघाल्या व्हत्या, त्या सुद्धा ह्याच पुस्तकानं खाली घेतल्या. सोसायटीत तर रीतच पडलेली. विषय वाचायचा, लगेच रामहरीनं एक वचन टाकायचं, आणि लोक हसत असतानाच सेक्रेटरी रेवणप्पा विचारणार, "मंजूर?" उघडी तोंडं म्हणणार, "मंजूर!"

हसले म्हंजे मंजूर. चार वर्षं असंच चाललेलं.

विषय आला पाण्याच्या टँकरचा.

"चेअरमनसाहेब," मुंजाजी म्हणाला, "टँकर जनावरांच्या नावानं येतो. माझी म्हैस कोरडा हौद चाटत मेली. मग टँकर तुमच्या मोसंबीत का म्हणून जातो?"

"बस खाली बे!" पोरांतून एकजण ओरडला.

"बसतो की. उत्तर द्या, लगेच बसतो."

पोरं दोन्ही बाजूनं सरकली. रामहरी आणि मुंजाजी एका ताटात जेवलेले. रामहरीला वाटलं, आत्ता हसवलं तर वाचंल हा. वरातीत जमलं, इथं का न्हाई? त्यानं पान उघडलं बी न्हाई.

"शहाणा माणूस प्रश्न विचारतो," तो माइकवर म्हणाला. "त्याच्याहून शहाणा उत्तर देतो. आणि सगळ्यात शहाणा..." इथं थांबायचं असतं. तो थांबला. "सगळ्यात शहाणा, जेवण कधी हाय ते विचारतो!"

मंडप फुटला. मागं बुंदीच्या कढया उकळतच व्हत्या, लोक मांड्या थापटून हसले. त्या हसण्यात पहिली खुर्ची मुंजाजीच्या तोंडावर बसली.

"मंजूर?" रेवणप्पा.

"मंजूर!"

मुंजाजीनं तोंडावर हात धरला. बोटांतून रगत आलं. "टँकर..." तो म्हणाला, तेवढ्यात दुसरी खुर्ची बरगडीत. तो गुडघ्यावर आला. मग लाथा. पुढच्या रांगेचं हसू थांबलं. मग तिच्या मागच्या रांगेचं. पार शेवटची माणसं अजून हसतच व्हती, त्यांना काही दिसतच नव्हतं.

रामहरीच्या पाठीमागून अर्जुनराव हळूच म्हणाले, "थांबू नको. अजून एक टाक."

आणि रामहरीनं टाकलं. भ्यालेला माणूस हुकूम लवकर ऐकतो. "पाऊस आणि जावई," त्यानं पुस्तकात बघून वाचलं, "येईपर्यंत वाट बघायला लावतात, आणि आले की..."

कुणीच हसलं न्हाई.

मंडप गप झाला. त्या गपीत खुर्ची हाडावर पडल्याचा आवाज आला. ओलं लाकूड फुटल्यावानी. रामहरीच्या हातातल्या माइकनं तो भोंग्यातून गावभर नेला.

"मुडद्यांनो!" म्हातारी तुळजाबाई बायकांच्या रांगेतून उठली. "पोरगं मारायलेत अन् तुमी दात काढायलात!"

ती थेट मुंजाजीच्या अंगावर पडली. एका पोरानं तिला दंडाला धरून ओढलं, तिचं कपाळ खांबाला लागलं. मग मात्र सगळा मंडप उठला. दगड आले, चपला आल्या, एक कढई आडवी झाली आणि कढत तेलानं दोघं-तिघं भाजून बोंबलत पळाले. रामहरीनं स्टेजवरून उडी टाकली. परत खुर्ची उचलली गेली तवा खाली मुंजाजीचं डोकं व्हतं. रामहरीनं मधे हात घातला. हात कोपराखाली दुसऱ्याच दिशेला वळला.

माजलगावच्या दवाखान्यात नेलं ते दुधाच्या पिकअपमधून. रिकाम्या कॅनी आदळत व्हत्या. मुंजाजीचं डोकं रामहरीच्या मांडीवर, रामहरीचा मोडका हात स्वतःच्याच उपरण्यात बांधलेला.

"झालं का मंजूर?" मुंजाजीनं विचारलं. पुढचे दात गेल्यामुळं शब्द वाऱ्यासारखे निघत व्हते.

"झालं."

"मी न्हाई म्हणलो बरं का."

"गप बे. बोलू नको."

थोड्या वेळानं मुंजाजी म्हणाला, "उद्या टँकर येईल. जाईल परत मोसंबीत."

"फाट्यावर मी उभा राहतो. टँकर आडवतो. तुझाच प्रश्न विचारतो."

"तुला बी हाणतील. आणि भ्यालास की तू काहीतरी बडबडशील. हसवशील लोकायला." मुंजाजीनं डोळे मिटले. "ओळखतो मी तुला."

रामहरीनं साबूत हात त्याच्या छातीवर ठेवला.

"तुझी आण," तो म्हणाला. "एकदाच विचारीन. आणि उत्तर येईस्तोवर तोंड उघडणार न्हाई."