रोसामेलच्या दारातलं घर

एतेलविनाबाईंचं घर चिखलात रुतलं, आणि रुतलं तेही नेमकं रोसामेलच्या दारासमोर.

घर लहानच होतं. दोन खोल्या आणि लाकडी फळ्यांचं छप्पर. एतेलविनाबाईंच्या आजोबांनी बांधल्याला शंभराहून जास्त वर्षं झाली होती. आज त्याची दारं-खिडक्या काढून ठेवली होती, खाली दोन लांब ओंडके सारले होते आणि पुढे बैलांच्या जोड्या जुंपल्या होत्या. गावाच्या वरच्या टोकाहून ते समुद्रकाठच्या मोकळ्या जागेत न्यायचं होतं. कारण एकच. शेजारच्या रोसामेलच्या धुराड्याचा धूर वर्षानुवर्षं बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरत होता.

म्होरक्या नोल्बेर्तोनं बैल थांबवले. "बाई, अजून एक दांडगी जोडी हवी."

"मग आणा की."

"तशी जोडी गावात एकच आहे."

सगळ्यांच्या माना रोसामेलच्या अंगणाकडे वळल्या. तिथे त्याचे बैल, क्लावेल आणि लुसेरो, सकाळपासून जोखड घालून तयार उभे होते.

घर ओढायच्या या कामाला चिलोए बेटावर मिंगा म्हणतात. त्याचा नियम पोराटोरांनाही ठाऊक असतो. ज्याचं घर, त्यानं स्वतः दारोदार जाऊन विनवायचं आणि काम झालं की सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. न बोलावता कोणी दोराला हात लावत नाही. बोलावल्यावर मात्र नाही म्हणायचं नसतं. एतेलविनाबाई गावातल्या सगळ्या दारांत जाऊन आल्या होत्या. एक दार सोडून.

"मी त्यांच्या दारात पाऊल टाकणार नाही," बाई म्हणाल्या.

"टाकायला जागा कुठाय? दार तुमच्याच घरानं अडवलंय," नोल्बेर्तो म्हणाला. दोर धरलेली माणसं खाली बघून हसली.

बाई आपल्या घरात चढल्या. रिकाम्या स्वयंपाकघरातून खिडकीच्या भोकाशी आल्या. समोर हातभर अंतरावर, आपल्या दाराच्या चौकटीत, रोसामेल उभा होता.

"तुमचे बैल नुसतेच उभे आहेत," बाई म्हणाल्या.

"त्यांना कोणी बोलावलं नाही, बाई."

बाईंनी पदरासारखा ॲप्रन हातात घेऊन खिडकीची फळी पुसली. ती स्वच्छच होती. मग म्हणाल्या, "मिंगाला या."

"काय काम आहे?"

"माझं घर तुमच्यापासून लांब न्यायचंय."

"इतक्या गोडीनं बोलावल्यावर कोण नाही म्हणेल?" रोसामेल म्हणाला आणि मागच्या दारानं बैलांकडे गेला.

क्लावेल आणि लुसेरोनं मान खाली घातली. दोर ताणला गेला, घर कण्हलं आणि एकदम सुटलं. बाईंना उतरायला वेळच मिळाला नाही. खिडकीची चौकट घट्ट धरून, सरळ समोर बघत, त्या चर्चवरून आणि दुकानावरून अख्ख्या गावातून खाली गेल्या. लोक टोप्या काढून त्यांना नमस्कार करत होते. त्यांनी एकालाही उत्तर दिलं नाही.

समुद्रकाठी घर नव्या जागी बसलं. खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिंपले, मांस आणि बटाटे सकाळपासून शिजत होते. वरची पानं काढली, तशी वाफ उसळली. बाईंनी सगळ्यांना वाढलं. रोसामेलला शेवटी वाढलं, पण मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा त्याच्याच ताटात पडला.

"तुमचं घर गेलं," तो खाता खाता म्हणाला, "आता वारा थेट माझ्या भिंतीवर आपटणार."

"बरंय. धूर तरी बाहेर जाईल."

"मी पण घर हलवीन म्हणतो. पुढच्या महिन्यात." त्यानं ताट खाली ठेवलं, टोपी काढली. "मिंगाला या, बाई."

आजूबाजूची तोंडं चावायची थांबली.

"कुठे न्यायचंय?" बाईंनी विचारलं.

 रोसामेलनं नुसतं बाईंच्या भिंतीलगतच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. क्लावेल आणि लुसेरो तिथे आधीच चरत होते.

बाईंनी बैलांकडे पाहिलं. मग हातातला मोठा डाव उचलून त्यांनी समुद्राकडे दाखवलं.

"धुराडं त्या बाजूला ठेवा."